रजईखालचा भात

त्या दुपारी आई अंगणात चटईवर मिरच्या वाळत घालत होती आणि ह्यांगमी शेजारी बसून देठं खुडत होती. नदीपलीकडून उत्तरेकडच्या शत्रुसैन्याचा भोंगा कवायतीची गाणी ओकत होता. शेजारच्या ओक मावशी कुंपणावरून करवादल्या, "मेल्यांच्या भांडणापायी माझ्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्यात! ह्यांगमी, तू लष्कराच्या लायब्ररीत ना गं? सांग की तुझ्या साहेबाला."

"माझं कोण ऐकतंय, मावशी."

लायब्ररी हे नुसतं घरी सांगण्यापुरतं. टेकडीवरच्या आपल्या भोंग्यातून पलीकडच्या शिपायांना जे ऐकवलं जाई, ते ह्यांगमी लिहीत असे. आधी हवामान, तेही अगदी खरं. पाऊस येणार म्हटलं की पलीकडच्या चौकीवरचे कपडे दोरीवरून उतरत. मग बातम्या, आणि शेवटी काळजाला हात घालणारं काहीतरी. शिपायानं बंदूक टाकून नदी ओलांडावी, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

"गप्प बसा गं जरा," आई म्हणाली. "आपला भोंगा सुरू झाला."

पाऊस नाही, असं सांगून निवेदिकेनं आवाज हळुवार केला. "धाकट्या, तुझ्या वाटणीचा भात मी अजून काढून ठेवते. चुलीच्या उबेनं तापलेल्या जमिनीवर, रजईखाली. दाराला कडी लावत नाही. कडीपर्यंत तुझा हात पुरायचा नाही ना..."

आईचा हात मिरच्यांवरच थांबला.

लढाईत पळताना तिचा लहानगा भाऊ पलीकडेच राहिला होता. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती पितळी वाडग्यात त्याचा भात काढून रजईखाली ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून त्याच्याशी दोन शब्द बोलायची. ह्यांगमी लहानपणापासून शेजारच्या खोलीतून ते ऐकत आली होती. मागच्या महिन्यात काहीच सुचेना, तेव्हा तिनं ते कागदावर उतरवलं. फक्त पूर्वेच्या चौकीवर लावा, जिथला आवाज घरापर्यंत येत नाही, असं बजावलं होतं. पण साहेबांना मजकूर फार आवडला, आणि त्यांनी तो सगळीकडे लावला.

"कोण लिहितं गं हे?" आईनं विचारलं.

"असेल कुणीतरी."

"कडीचं त्याला कसं कळलं?"

ह्यांगमी देठं खुडत राहिली.

संध्याकाळी आईनं वाडगा भरला, तो धरून थोडा वेळ उभी राहिली आणि भात परत भांड्यात ओतला. "गावभर झाला आता," एवढंच म्हणाली. लेकीकडे तिनं पाहिलं नाही. सकाळी ती उठलीच नाही.

अंगणात सुतकाचा मांडव घातला गेला. भेटायला येणाऱ्यांसाठी रिवाजाप्रमाणे डुकराचं मांस शिजत होतं. जाड्याभरड्या सुतकी कपड्यांत ह्यांगमीचा दादा येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता. ह्यांगमीचे साहेब, बे आडनावाचे, आले. आईच्या फोटोपुढे दोनदा डोकं टेकवून जेवायला बसले.

"फार वाईट झालं," ते सूप भुरकत म्हणाले. "पण ह्यांगमीबाई, तुमचा तो रजईवाला मजकूर! तो लागला की पलीकडचे गाणी मोठी करतात. म्हणजे घाव बसलाय. आता पुढचा भाग हवा. बहीण वाट पाहता पाहता गेली, असं. घाई नाही, सुतक फिटू द्या. मन ओलं आहे तुमचं, छान उतरेल."

दादानं वळून पाहिलं. "कसला मजकूर?"

"सांगितलं नाही यांनी? अहो, आमची सगळ्यात चांगली लेखणी आहे ही!"

ओक मावशींचा डाव पातेल्यातच राहिला. "अगं बाई, म्हणजे लायब्ररी...?"

साहेबांचा गैरसमज होतोय, असं अजूनही म्हणता आलं असतं. ह्यांगमीच्या जिभेवर ते आलंही होतं. सगळा मांडव तिच्याकडे बघत होता.

"लायब्ररी नाही, मावशी. टेकडीवरून जे बोलतात ते मी लिहिते," ती म्हणाली. "दादा, भोंग्यावरचं ते मामाशी बोलणं आईचं होतं. भिंतीकडे तोंड करून बोलायची ते. मी चोरून ऐकलं आणि देऊन टाकलं. तिनं मला तोंडावर विचारलं, तरी कबूल झाले नाही."

मग ती साहेबांकडे वळली. शब्द सगळ्यांना ऐकू गेले.

"साहेब, तो मजकूर बंद करा. आजच. आईला विचारलं नव्हतं मी."