अकराशे चार दाते

मी एक वेबसाइट बोलतेय. गोंदियाजवळ कुडव्यात हेमेंद्र कटरे यांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. तिथल्या कम्प्युटरवर माझा जन्म झाला. रक्तदात्यांची यादी दाखवणं हे माझं काम. आज जे सांगणार आहे ते सांगताना मान वर होत नाही. पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

सहा वर्षांपूर्वी समाजाचं स्नेहसंमेलन होतं. हेमेंद्रभाऊंनी जेवणाच्या मंडपाच्या दाराशी एक रजिस्टर ठेवलं. नाव, गाव, मोबाइल, रक्तगट. आत पंगत बसत होती, वाढपी घाई करत होते. अशा वेळी स्वतःचा रक्तगट कोण आठवत बसतो? लोक वरच्या ओळीत काय लिहिलंय ते बघत, खाली दोन रेघा ओढत, म्हणजे 'वरीलप्रमाणे', आणि लगबगीने जेवायला बसत.

ते रजिस्टर मी जसंच्या तसं गिळलं. एका पानावर बी निगेटिव्हचे चौदा जण ओळीने आले. हा गट शंभरात एखाददुसऱ्याचा, आणि इथे चौदा जण एकामागोमाग एक! शिवाय त्यातल्या पहिल्याच माणसाचा मोबाइल नंबर नऊ आकडी होता. मला सगळं दिसत होतं, पण मी चूप राहिले. माझ्या कपाळावर लाल अक्षरांत '१,१०४ दाते' झळकत होतं ना! हेमेंद्रभाऊंना शाल-श्रीफळ मिळालं, तो फोटो माझ्या पहिल्या पानावर लागला. त्यानंतर मला कुणी हातही लावला नाही.

यंदा मार्चमध्ये दुर्गेश्वरीने मला उघडलं. ती सालेकशाकडची. तिच्या नऊ वर्षांच्या रविताला सिकलसेल आहे, अधूनमधून रक्त चढवावं लागतं. त्या दिवशी पोरीची तब्येत फार उतरली होती आणि रक्तपेढीत बी निगेटिव्हची एकही पिशवी शिल्लक नव्हती. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहून तिने माझ्यात शोधलं. "चौदा!" ती मोठ्याने म्हणाली. तिचा तेव्हाचा चेहरा आठवला की मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पहिला नंबर लागलाच नाही. दुसरा म्हणाला, "माहा गट? मले नाई माईत बापा." तिसरा सुरतेला कामाला गेलेला. कुंजीलाल पटले यांचा फोन त्यांच्या बायकोने, शांतीबाईने उचलला. "ते तं गेले जी, दोन वर्षं झाले," ती म्हणाली, आणि जरा थांबून तिने विचारलं, "त्यायचं नाव अजून आहे का तिथं?"

चौदा फोनांत दोन तास गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूरहून पिशवी आली आणि रविता वाचली. त्यात माझा काडीचा वाटा नव्हता.

आठ दिवसांनी दुर्गेश्वरी दुकानात आली. चौदा नंबर लिहून सगळे खोडलेला कागद तिने काउंटरवर ठेवला.

"भाऊ, काऊन लिहून ठेवले जी हे? काहीच नसतं लिहिलं, तं मी दोन घंटे आधीच दुसरीकडं धावली असती."

हेमेंद्रभाऊंनी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

ती गेल्यावर त्यांनी मला स्वतःच्या मोबाइलवर उघडलं. मालक म्हणून नव्हे, गरजू म्हणून, पहिल्यांदाच. सगळ्यात आधी त्यांना स्वतःचाच फोटो दिसला. रक्तगट शोधायची जागा त्याच्याखाली, अगदी तळाशी. मागे उभी असलेली त्यांची बायको प्रेमिला म्हणाली, "फोटो लावाले टाइम होता, फोन लावाले नव्हता?"

दुसऱ्या दिवसापासून ते रोज वीस-पंचवीस जणांना फोन करू लागले. गट माहीत आहे का? रक्त द्याल का? उत्तर 'नाही' आलं की नाव काढायचे. नऊशे झाले, चारशे झाले, शंभराच्या आत आले. मला अंगावरचे दागिने उतरवल्यासारखं वाटायचं. भाऊंनाही जड जात होतं. "आकडाच काढून टाकू का?" त्यांनी विचारलं. "कायले? जेवढे आहेत तेवढे दिसू द्या," प्रेमिला म्हणाली. मग फोटो काढला, शोधायची जागा वर आणली, प्रत्येक नावापुढे विचारल्याची तारीख आली.

राहिला तो नऊ आकडी नंबर. नाव इंद्रकुमार बिसेन, गाव कुडवा. भाऊ विचारत विचारत गेले, तर घर दुकानापासून चार गल्ल्यांवर निघालं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले गुरुजी. चौदांतले खरे बी निगेटिव्ह तेवढे एकच.

"त्या दिवशी? घरीच होतो ना मी," गुरुजी म्हणाले. "भाजी निवडून राहिलो होतो."

भाऊंनी तिथेच त्यांच्या नंबरातला सुटलेला आकडा भरला.

आता माझ्याकडे एकसष्ट नावं आहेत. जूनमध्ये रविताला पुन्हा रक्त लागलं. दुर्गेश्वरीने कुठे कुठे विचारून पाहिलं आणि सगळ्यात शेवटी मला उघडलं. एकच नाव आलं, इंद्रकुमार बिसेन गुरुजी. दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. तिने नाव-गाव काहीच सांगितलं नाही, आधी विचारलं, "गुरुजी, हे खरंच तुमीच बोलून राहिले ना?"

गुरुजी तासाभरात दवाखान्यात पोहोचले. मी मात्र अजून तिच्या त्या 'खरंच'पाशीच अडकले आहे.

बी निगेटिव्हमध्ये त्यांच्या नावाखालची ओळ रिकामी आहे. तुमचा गट तो असेल तर या, लिहा. नसेल तर ती रिकामीच राहू द्या. वर पाहून खाली दोन रेघा मात्र ओढू नका.