पाच दिवसांचं सोवळं

शुक्रवारी सकाळी श्रीरंजनी मागच्या पडवीत आपलं वेगळं ताट घेऊन बसली होती. तिची सहा वर्षांची भव्या उंबऱ्याच्या आत, दोन हात लांब उभी राहून तिला शाळेतलं काहीबाही सांगत होती. महिन्यातून तीन दिवस अम्मा पडवीत जेवते, पडवीतच झोपते, तिला शिवायचं नाही, आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाली की ती परत आपली होते, हे भव्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

घर अंबत्तूरमधलं, तंजावरकडच्या मराठी माणसांचं. पूर्वज दक्षिणेत आले त्याला कैक पिढ्या झाल्या. येताना बरोबर आणलेलं बरंचसं वाटेत सांडलं, भाषासुद्धा निम्मी तमिळ झाली. सोवळं मात्र अंगावर ओरखडा न उठता टिकलं, उलट त्याला इकडचं ‘मडी’ हे दुसरं नावही मिळालं.

या मडीची राखण करायच्या अन्नपूर्णाबाई, श्रीरंजनीच्या सासूबाई. त्या दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर ही गोष्ट लिहायला सोपी गेली असती. नातीवर त्यांचा एवढा जीव की दोशाची पहिली कुरकुरीत कड तिच्यासाठी राखून ठेवल्याशिवाय त्या घास घेत नसत. मुलगा सुंदर इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात मोटारींचे सुटे भाग तपासणारा इंजिनियर. केसाएवढा फरक दिसला तरी तो माल परत पाठवी. घरात आईनं सांगितलेलं तपासून बघायची मात्र त्याला सवय नव्हती.

गंमत अशी, की या तीन दिवसांत श्रीरंजनी नोकरीला जात असे. मागच्या दारानं निघायचं, खच्चून भरलेल्या बसमध्ये शंभर परक्या माणसांना घासत इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या ऑफिसात पोचायचं, तिथं सगळ्यांबरोबर एका टेबलावर डबा खायचा. त्या दिवसांत तिला सगळं अंबत्तूर चालत असे. न चालणारी एकच व्यक्ती होती, तिच्या पोटची पोर.

त्या शुक्रवारी ती संध्याकाळी घरी आली तर भव्या आतल्या खोलीत दोन रजयांखाली कुडकुडत पडलेली. दुपारी शाळेतून आली तीच दात वाजवत. मग अंग तव्यासारखं तापलं होतं.

“आत्याबाई, डॉक्टरकडे नेऊं या की,” श्रीरंजनी पडवीतूनच सासूला म्हणाली.

“कोण नेणार? तूं? बाहेर बसलीस तूं,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “अस्कं, सगळं मी पाहतें. दृष्ट लागली पोरीला. त्या दिवशी शाळेत नाचली नव्हं कां, किती बायका टक लावून बघत होत्या!”

त्यांनी मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मा देवीला नवस बोलला, कषायम म्हणजे काढा पाजला. श्रीरंजनी पडवीत बसून आतला आवाज ऐकत राहिली. ती उठली असती तर? घरात रामायण झालं असतं. त्यातून येत्या मंगळवारी सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं, आणि अशा आठवड्यात सुनेनं वाकडं पाऊल टाकलं तर ते जन्मभर ऐकावं लागतं. ती बसून राहिली.

रात्री दरदरून घाम फुटला, ताप उतरला. शनिवारी भव्यानं उठल्या उठल्या इडली मागितली आणि तीन खाल्ल्या.

“पाहिलीस?” अन्नपूर्णाबाईंचा चेहरा फुलला होता. “अम्मेनं ऐकलं.”

श्रीरंजनीलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोला, तिला अगदी मनापासून बरं वाटलं. हा ताप एक दिवस माणसाला सोडतो तो परत धरण्यासाठी, हे आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होतं. दिवसाआडचा हिवताप, त्याला नावसुद्धा मराठीत आहे. पण नाव पुस्तकात राहिलं आणि घरात मोकळ्या दिवसाचा आनंद तेवढा उरला.

रविवारी दुपारी तो परत आला. पुन्हा थंडी, पुन्हा रजया. सुंदर घरी होता. तो म्हणाला, “अम्मा, रक्त तपासाला हवं.”

“रविवारी कोण बसलाय तुझ्यासाठी?” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “मेडिकलमधून तें गोड औषध घेऊन ये, तापाचं. परवां आप्पांचं श्राद्ध. दवाखान्यात नाही नाही त्या माणसांना शिवून येशील, सुया टोचून रक्त काढतील. हें अस्कं बुधवारी कर, मी कशाला नकों म्हणूं?”

सुंदरनं औषध आणलं. ते पाजून दोन तासांत ताप उतरला, आणि औषधाचाही जयजयकार झाला. आता नवस होता, कषायम होतं, गोड औषध होतं. तीन वैद्य मिळून पोरीला एक-एक दिवस वाटून घेत होते, आणि चौथ्याला बोलवायचं कुणाला सुचत नव्हतं.

सोमवार मोकळा होता. श्रीरंजनी पहाटे न्हाली आणि तिनं पहिल्यांदा लेकीला जवळ घेतलं. चार दिवसांत पोर हलकी झाली होती, डोळ्यांखाली पिवळट छटा आली होती. “हिला आजच दाखवून येतें,” ती म्हणाली. पण भव्या अंगणात उड्या मारत होती, आणि घर धुवायचं होतं, भांडी चिंचेनं घासायची होती, श्राद्धाची कारली, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा असं सगळं आणायचं होतं.

अकराच्या सुमारास फाटकाशी कॉर्पोरेशनची शशिकला आली. घरोघरी फिरून टाक्या आणि विहिरी बघायच्या, डासांच्या अळ्या शोधायच्या, हे तिचं काम. ती फाटकाबाहेरून आजीबाईंना तमिळमध्ये म्हणाली, “पाट्टी, या रस्त्यावर मलेरियाचे दोन निघालेत. तुमच्याकडे कुणाला ताप? थंडी वाजून? असेल तर सांगा, बोटातून एक थेंब रक्त घेते, फुकट आहे. दोन मिनिटांचं काम.”

श्रीरंजनी केरसुणी घेऊन पायरीवरच उभी होती.

“ताप? छे,” अन्नपूर्णाबाई फाटक न उघडता म्हणाल्या. “उद्यां घरात श्राद्ध आहे. आज आंत येऊं नकों. पुढच्या आठवड्यात ये.”

शशिकला आत आली असती तर सगळं घर परत धुवावं लागलं असतं. का, ते कुणी मोठ्यानं बोललं नाही, आणि शशिकलेनंही विचारलं नाही. फाटकाबाहेर राहायची तिलाही सवय होती. तिनं श्रीरंजनीकडे एकदा पाहिलं. श्रीरंजनीनं तोंड उघडलं, आणि मग ती पायरी झाडू लागली. शशिकला शेजारच्या घराकडे गेली.

मंगळवार हा पाचवा दिवस. शास्त्राप्रमाणे चौथ्या दिवशी न्हालेली बाई पितरांच्या स्वयंपाकाला पाचव्या दिवशी योग्य होते. श्रीरंजनी पहाटेच न्हाली, कुणाचाही स्पर्श न झालेलं ओलं नऊवारी नेसली आणि चुलीपुढे उभी राहिली. आता ती मडीत होती. पिंड होऊन ब्राह्मण जेवून उठेपर्यंत तिला कुणी शिवायचं नव्हतं. तीन दिवस ती फार अशुद्ध होती म्हणून, आज फार शुद्ध होती म्हणून.

दहा वाजता गुरुजी अनंतकृष्ण शास्त्री आले, बरोबर दोन ब्राह्मण. सुंदर बोटात दर्भाचं पवित्रक घालून पाटावर बसला. आणि आतल्या खोलीत भव्याला थंडी भरली.

ती थोडा वेळ एकटीच पडून होती. आजी विड्याची पानं पुसत होती, बाप मंत्रांत, आई चुलीशी. मग ती उठली. भिंतीला धरून धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशी थांबली. सवयच तशी लावली होती.

“अम्मा,” ती म्हणाली, “आज मी शिवूं कां?”

श्रीरंजनीच्या हातात पळी होती. तिनं वळून पाहिलं. पोरीचे ओठ निळसर दिसत होते.

“नकों कण्णु, नकों बाळा,” ती म्हणाली. “मडीत आहे मी. जेवणं होऊं दे, मग घेतें तुला. जा, निजून राहा.”

भव्यानं मान हलवली आणि ती परत गेली. ती हट्टी मुलगी असती, रडून-ओरडून आईला मिठी मारणारी असती, तर बरं झालं असतं. पण आम्ही आमच्या मुली शहाण्या वाढवतो.

तासाभरानं खोलीतून काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. श्रीरंजनी दारात धावली. भव्याचं अंग ताठ झालं होतं, डोळे वर गेले होते, हातपाय झटके देत होते, तोंडाला फेस होता.

तेव्हा ती शिवली. उंबरा ओलांडून तिनं पोरीला उचललं आणि छातीशी धरलं.

“अग, पिंड झाले नाहीत अजून!” अन्नपूर्णाबाई ओरडल्या. “श्राद्ध मोडतेंस? सुंदर, सांग तिला!”

सुंदर अर्धवट उठला. शास्त्रीबुवांनी हात वर केला, म्हणाले, “मध्यें उठतां येत नाही, संकल्प झालाय. पांच मिनिटं.” आणि सुंदर, सुट्या भागांच्या केसाएवढ्या चुका ओळखणारा सुंदर, परत पाटावर बसला.

श्रीरंजनी नवऱ्यासाठी थांबली नाही. सासूच्या अंगावरून तशीच बाहेर पडली. मडीचं नऊवारी, अनवाणी पाय, कडेवर शुद्ध हरपलेली मुलगी. रिक्षावाल्यानं काही न विचारता रिक्षा काढली. आरोग्य केंद्रात बोटातून रक्त घेतलं. तिथली डॉक्टर मुलगी पंचविशीची होती. कागद बघून तिनं विचारलं, “ताप कधीपासून?”

“शुक्रवारपासून.”

“मग आज का आणलंत?”

ॲम्ब्युलन्स आली. मोठ्या इस्पितळात सलाईन, सुया, नळ्या, सगळं झालं. ताप मेंदूत गेला होता. भव्यानं डोळे उघडले नाहीत. बुधवारी दुपारी ती गेली.

इस्पितळाच्या कागदावर कारण लिहिलं होतं, मलेरिया, उपचारास उशीर. घरात लिहिल्याशिवायच दुसरं कारण ठरलं. भेटायला आलेली सुंदरची आत्या कमलिनी डोळे पुसत म्हणाली, “पितरांच्या ताटावरून उठून गेली. मडी मोडली. त्यांचा कोप कुठें जाणार? पोरीवर पडला.” बसलेल्या बायकांनी माना हलवल्या. अन्नपूर्णाबाईंनीही हलवली. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते, त्यांचं दुःख खोटं नव्हतं. आपल्या हातून काही झालं यापेक्षा पितर रागावले हे त्यांना सोसवण्यासारखं होतं. सुंदर जमिनीकडे बघत राहिला.

आणि श्रीरंजनी? तिला रोज एकच वेळ आठवे, सोमवारचे अकरा. दोन मिनिटांचं काम, असं शशिकला म्हणाली होती.

सतरा दिवस गेले. एका शनिवारी सकाळी सुंदर कामावर जायला निघाला आणि बूट घालता घालता खाली बसला. दात वाजू लागले. अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघरात देवाच्या नैवेद्याचं करत होत्या, मडीत. त्या दारात आल्या, मुलाला त्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून हंबरडा फुटला.

मग त्यांनी गॅस बंद केला. नवस बोलला नाही, मीठ-मिरच्या शोधल्या नाहीत. नेसत्या मडीच्या लुगड्यानिशी त्यांनी मुलाचा दंड धरला, रस्त्यावर जाऊन स्वतः रिक्षा थांबवली. श्रीरंजनी मागोमाग चढली. आरोग्य केंद्राच्या बाकावर नाना जातीची माणसं बसली होती. अन्नपूर्णाबाई त्यांच्यात अंग चोरून नव्हे, खांद्याला खांदा लावून बसल्या. बोटातून थेंबभर रक्त घेतलं. अर्ध्या तासानं खिडकीतून कागद आला, मलेरिया. त्याच खिडकीतून गोळ्या मिळाल्या, किती दिवस आणि कशा घ्यायच्या ते सांगितलं. एकही दिवस चुकवू नका, पहिल्याच दिवशी आणलंत म्हणून काळजी नाही, असं डॉक्टर म्हणाली. ती त्या मंगळवारचीच डॉक्टर मुलगी होती. श्रीरंजनीला तिनं ओळखलं आणि मान खाली घातली.

तिघं घरी परतले तेव्हा साडेदहाही वाजले नव्हते.

अन्नपूर्णाबाईंनी आपल्या हातानं मुलाला गोळी दिली, त्याच्या कपाळावरून हात फिरवला. श्रीरंजनी दारात उभी राहून बघत होती.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “मडी मोडली तुमची.”

“असूं दे की,” अन्नपूर्णाबाई मुलाकडेच बघत म्हणाल्या. “जीवापुढें मडी कसली गे?”

बोलून झालं, आणि मग ते त्यांना ऐकू आलं. मुलाच्या कपाळावरचा हात तिथंच थांबला. त्यांनी सुनेकडे मान वळवायला बराच वेळ घेतला.

श्रीरंजनी भांडली नाही. “हेंच त्या दिवशी बोलाला हवं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही नाही बोललां. हे नाही बोलले. मीसुद्धां नाही. पोरीनें विचारलं होतं मला, शिवूं कां म्हणून, आणि मी नकों म्हटलें.”

वाचकहो, अन्नपूर्णाबाईंचं ते वाक्य माहीत नाही असं घर मला दाखवा. मराठी, तमिळ, कुठल्याही घरात जा, जीवापुढे सोवळं कसलं हे प्रत्येकाला येतं. ते कुणाच्या जीवासाठी म्हणायचं आणि कुणाच्या जीवासाठी बुधवारपर्यंत थांबायचं, एवढंच घराघरांत आधी ठरलेलं असतं. तुमच्या घरात ते कुणी ठरवलंय, आणि तुम्ही त्या वेळी पायरी झाडत होता का, हे तुमचं तुम्हीच आठवून बघा.