अनंताच्या मुळाशी

अनंताच्या झाडाने थोरलीला नको नको करून सोडलं होतं. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. कळ्या टपोऱ्या व्हायच्या आणि उमलायच्या आत गळून पडायच्या. पाणी वाढवून झालं, कमी करून झालं. पानं उलटून कीड शोधली, एकही सापडली नाही. नर्सरीवाल्याने दिलेलं खत घातलं, तर होती ती पानंही करपली.

"नखरेल जात हो, काकू," नर्सरीवाला म्हणाला. "उपटा आणि दुसरं काहीतरी लावा."

उपटायचं तिच्या जिवावर आलं. धाकटी जाऊ घरात आली त्या वर्षी दोघींनी मिळून हे झाड लावलं होतं. धाकटी तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. मुख्याध्यापकांच्या बंगल्यातल्या झाडाची फांदी तिने कापली. थोरली पहाऱ्यावर होती, आणि घाबरून इतक्या मोठ्याने खोकली की बंगल्यातला माळी पाण्याचा पेला घेऊन धावत आला. फांदी पिशवीत दडवून, हसू दाबत दोघी घरी आल्या. पुढे बहर आला की मागच्या पायरीवर दोघींचा चहा व्हायचा, सासूबाईंची हाक येईपर्यंत. वास असा दाट, की चहालाही लागायचा.

मग भावाभावांचं बिनसलं. घराच्या वाटण्या झाल्या, अंगणात भिंत उभी राहिली, झाड थोरलीकडे आलं. भांडण ज्यांचं होतं ते दोघेही एकामागून एक गेले. अबोला मात्र जावांनी इमानेइतबारे सांभाळला.

त्या दुपारी गळलेल्या कळ्या वेचता वेचता थोरली झाडावरच चिडली. "तुला झालंय तरी काय? बोल की मेल्या!"

"माती दाखवा मला," भिंतीपलीकडून आवाज आला.

थोरली दचकली. मग तिने वाटीभर माती घेतली, बादली पालथी घातली आणि तिच्यावर चढली.

"अहो ताई, पडाल! थांबा, मीच येते."

धाकटी रस्त्याने वळसा घालून आली. केस पांढरे झालेले, गुडघ्याला पट्टा, हातात व्हिनेगरची बाटली. भिंतीकडेची माती बशीत घेऊन तिने वर व्हिनेगर ओतलं. माती सोड्यासारखी फसफसली.

"चुना आहे हा," ती म्हणाली. "अनंताला आंबट माती लागते. चुन्यात कितीही खत ओता, त्याच्या अंगी लागायचं नाही."

दोघींनी भिंतीच्या बुडाशी खणलं. गवंड्याने पुरून टाकलेला राडारोडा निघाला, चुन्या-सिमेंटची नुसती ढेकळं.

"गवंडी कुणी आणला होता हो?" धाकटीने विचारलं.

"दोघांनी मिळून," थोरली म्हणाली. "तेवढं एकच काम शेवटी मिळून केलं त्यांनी."

धाकटीला हसू आवरेना. थोरलीलाही आवरेना, हसता हसता तिने डोळे पुसले.

"इथे नाही जगायचं ते," धाकटी जरा वेळाने म्हणाली. "हलवायला हवं."

थोरलीने आपल्या अंगणाकडे पाहिलं. बाकी सगळीकडे फरशी. मोकळी जागा होती ती पलीकडे, धाकटीच्या विहिरीजवळ. हे दोघींनाही ठाऊक होतं; धाकटी हातांची माती झटकत राहिली.

"घेऊन जा तुझ्याकडे," थोरली म्हणाली.

मुळांना मातीसकट गोणपाटात बांधून, हातगाडीवर घालून त्यांनी झाड रस्त्याने नेलं. धाकटीने खड्ड्यात कुजलेला पालापाचोळा भरून ठेवला होता. महिनाभरात झाडाची सगळी पानं झडली. थोरली रोज जाऊन नखाने साल खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

पुढच्या मोसमात पहिलं फूल उमललं तेव्हा धाकटी बाजारात गेली होती. थोरलीने ते एकटीने पाहिलं, नाक जवळ नेऊन वास घेतला, आणि धाकटीला कधी सांगते असं होऊन भर उन्हात रस्त्यावर येऊन उभी राहिली.