रूपाबाईचं रडणं

घेतलं

“आजी, अजून रडायचं नाही,” करुणा म्हणाली. “मी हात खाली केला की मग.”

रूपाबाईनं मान हलवली. निंबाच्या झाडाखाली तांड्यातल्या बायका ओळीनं उभ्या होत्या. पेट्यांच्या तळातून काढलेले आरशांचे, कवड्यांचे घागरे त्यांनी घातले होते. रोज आता कोणी ते घालत नसे. सिनेमावाल्यांनी सांगितलं म्हणून काढले.

करुणा पुण्याची. दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करणारी. पहिल्याच दिवशी तिनं तांड्यात एक गोष्ट पाहिली होती आणि तिचं चित्त तिथंच अडकलं होतं. एक लेक सासरहून बऱ्याच दिवसांनी आली, आणि दारातच आईनं तिच्या गळ्यात हात टाकून सुरात रडायला सुरुवात केली. मधल्या काळात काय काय घडलं ते सगळं त्या रडण्यातच सांगितलं. कोण मेलं, कोणती गाय व्याली, कोण काय बोललं. तांड्यात ही रीत आहे. आपलं माणूस लांबून आलं की आधी रडायचं, मग पाणी द्यायचं. परक्याला नुसतं पाणी. आणि रडताना बाई जे बोलते त्याला कोणी अडवत नाही.

“हे पाहिजे मला,” करुणा ओमप्रकाशला म्हणाली होती. “बापूसाहेब म्हातारपणी तांड्यात येतात, आणि एक आजी अशी रडते.”

बापूसाहेब म्हणजे ह्या भागाचे जुने पुढारी. त्यांचा चौकात पुतळा होता, कॉलेजला नाव होतं. आता सिनेमा होत होता. पैसा त्यांच्या नातवानं घातला होता. ओमप्रकाश त्या नातवाच्या मागंपुढं असायचा. हिंगोलीकडच्या पुसेगावच्या अलीकडचा हा तांडा त्यानंच दाखवला, माणसं त्यानंच जमवली. त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं.

ओमप्रकाश रूपाबाईच्या दिराचा मुलगा. त्याची आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून तिनंच वाढवलेला. तिला तो याडी म्हणायचा, म्हणजे आई.

“तू कर, याडी,” तो म्हणाला होता. “तुझ्यासारखं रडणं कोणाचंच न्हाई.”

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “हे सगळीकडं दिसंल?”

“मुंबईपस्तोर.”

“आवाजासगट?”

“आवाजासगट.”

“मंग करते,” ती म्हणाली.

नट आला. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. डावा पाय किंचित ओढत चालत होता, बापूसाहेब चालायचे तसा. तो नट आहे हे रूपाबाईला नीट माहीत होतं. सकाळी तिनंच त्याला दारातल्या पितळी लोट्यानं पाणी दिलं होतं. तो लोटा आल्यागेल्यासाठी ठेवलेला. कापडवाला, वीजबिलवाला, कोणीही. मिशीचा डिंक सुटेल म्हणून नटानं तो ओठांना न लावता वरून धरला होता.

करुणाचा हात खाली आला.

घडलं

दुष्काळात बापूसाहेबांनी पाझर तलावाचं काम तांड्याजवळ आणलं. खडीवर मांडी घालून मजुरांबरोबर कामावर खायला मिळणारी सुकडी खाल्ली. त्या साली तांड्यातलं एकही लेकरू उपाशी मेलं नाही. हे खरं आहे.

पुढं आणीबाणीत ते ट्रक घेऊन आले. तेव्हा हा भाग परभणी जिल्ह्यात होता. म्हणाले, गायरान कसता ना, ते तुमच्या नावावर करून देतो. अंगठे लावायला चला.

पुरुषांनी धुतलेली धोतरं नेसली. फुलसिंगनं लग्नातला पटका बांधला. त्याच्या आणि रूपाबाईच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. पुसेगावात बौद्धवाड्यातला सोनाजी चढला आणि फुलसिंगला म्हणाला, “नवरदेवा, जमिनीशी पन लगीन लावतो का?” सगळे हसले.

ट्रक एका शाळेपाशी थांबला. आत मांडव, पडदे, डॉक्टर. अंगठा आधी तिथं लावायचा होता. नसबंदीचा आकडा वरून ठरून आला होता आणि बापूसाहेबांना तो भरून द्यायचा होता. ते दारातच उभे होते.

“बापू, मला लेकरू न्हाई अजून,” फुलसिंग म्हणाला.

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “भिऊ नको. मी हाय ना.”

बाकीच्यांना चार-चार लेकरं होती. ते तुपाचा एकेक डबा घेऊन परत आले, चार दिवस शिव्या दिल्या आणि विसरले. फुलसिंग रिकाम्या हातानं आला. लगीन नवं म्हणून मला सोडलं, असं त्यानं तांड्यात सांगितलं. त्याचा डबा सोनाजीच्या घरी राहिला. शाळेत त्याच्या शेजारच्या सतरंजीवर सोनाजीच पडला होता. तो कधी कोणाला काही बोलला नाही.

जमीन आली. सातबाऱ्यावर फुलसिंगचं नाव लागलं. बापूसाहेबांनी शब्द पाळला, हेही खरं आहे.

सासू दुसरी सून बघायला निघाली तेव्हा फुलसिंगनं रूपाबाईला शाळेतलं खरं सांगितलं, आणि कोणाला सांगणार नाही असं वचन घेतलं. दुसरी बायको त्यानं केली नाही. तांडा म्हणू लागला, देवमाणूस आहे, वांझ बाई नांदवतो. बारशाला तिला मागच्या रांगेत बसवत. पाळण्याजवळ गेली तर शेजारची नानीबाई तिच्या मनगटाला धरून बाजूला करायची, हळूच, लागू न देता. फुलसिंग मेला त्या दिवशीसुद्धा बायका तेच म्हणत होत्या, वांझ बाई नांदवली त्यानं. रूपाबाई रडता रडता ऐकत होती.

वचन जिवंत माणसाला दिलं होतं की मेलेल्यालाही लागू होतं, हे तिला ठरवता येत नव्हतं. सिनेमा आला तेव्हा ठरलं.

पुन्हा घेतलं नाही

तिनं नटाच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला. गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत.

बापू, तू लई दिवसांनी आलास. तू गेल्यावर काय झालं ते ऐक. तू सुकडी खाल्लीस आमच्यात बसून, ती मी विसरले नाही. तू ट्रक आणलास. माझ्या फुलसिंगनं लग्नाचा पटका बांधला होता, बापू. लेकरू नाही म्हणाला तो तुला. तू खांद्यावर हात ठेवलास. जमीन दिलीस, बापू, आणि ती कसणारा पोटातच मारलास. मी वांझ नव्हते, बापू. मी पाळण्याला हात लावला नाही. तू सांग आता सगळ्यांना, मी वांझ नव्हते.

मागं बायका रडत होत्या, सांगितल्याप्रमाणं. मग एकेक थांबली. नानीबाईनं ओढणीचा काठ तोंडात धरला.

नटाला शब्द कळत नव्हते. पण त्याच्या डोळ्यांतून खरं पाणी येत होतं. चांगला नट होता.

“कट,” असं कोणीतरी फार हळू म्हणालं.

दिग्दर्शकानं दुसऱ्या बाजूनं एकदा घेऊ म्हटलं. रूपाबाई झाडाच्या पारावर बसली होती. “एकदाच येतं ते,” ती म्हणाली.

करुणानं कानावरचं यंत्र काढलं. डोळे पुसत ती ओमप्रकाशकडं वळली. “काय म्हणत होत्या त्या? मला शब्द न् शब्द पाहिजे.”

ओमप्रकाशचा चेहरा उतरला होता. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

“लिहून पाठवतो, मॅडम,” तो म्हणाला.

संध्याकाळी नानीबाई रूपाबाईच्या दारात येऊन बसली. जाताना म्हणाली, “माझ्या पणतीचं बारसं हाय सोमवारी. पाळण्याची दोरी तू धर.” आणि मग, “सिनेमात आलं म्हंजे कोणाला सांगत बसायचं काम न्हाई.”

दाखवलं

तांडा दोन टेम्पो करून हिंगोलीला गेला. वाटेत पुसेगावला सोनाजी चढला. आता त्याला दोघांनी धरून चढवावं लागलं. थेटरात एका बाजूला सोनाजी, एका बाजूला ओमप्रकाशची बायको दिपा, मध्ये रूपाबाई. ओमप्रकाश महिनाभर मुंबईतच होता, बापूसाहेबांच्या नातवाबरोबर सिनेमाच्या धावपळीत.

पडद्यावर दुष्काळ आला. बापूसाहेब खडीवर बसून सुकडी खात होते.

“हे बराबर हाय,” सोनाजी म्हणाला. “मी व्हतो तिथं. माझ्याच ताटलीतली खाल्ली त्यानं.”

मग ट्रक आला. धूळ उडवत, उतरत्या उन्हात, मागं ढोल. फळी खाली पडली. आत धान्याची पोती होती आणि तुपाचे डबे. बापूसाहेब एकेका माणसाच्या हातात डबा देत होते. थेटरात टाळ्या पडल्या.

सोनाजीनं दोन्ही हात मांडीवरच ठेवले.

“तूप मातर बराबर दाखिवलं,” तो म्हणाला.

रूपाबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिची जागा अजून यायची होती.

मध्यंतरात तो वडा हातात धरून बसून राहिला. “मानूस चांगला व्हता असं दाखवावं ना. मी कुठं न्हाई म्हणून राहिलो? पन दोन्ही हात त्याचेच व्हते. एकच हात काहून दाखवतेत?”

“माझं येऊ द्या, भाऊ,” रूपाबाई म्हणाली.

आलं. निंबाचं झाड, ओढत येणारा डावा पाय, आणि पडदाभर तिचा चेहरा. तिला स्वतःच्या सुरकुत्या पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या दिसल्या. आवाज तिचाच होता. शब्दही तिचेच होते. बापू, तू लई दिवसांनी आलास. तांड्यातल्या बायका खुर्चीत पुढं सरकल्या. फुलसिंगचं नाव थेटरात घुमलं. मागून सनई सुरू झाली, पण नाव ऐकू आलं.

पुढच्या रांगेत शहरातली एक बाई रुमालानं डोळे पुसत होती. रूपाबाईला बरं वाटलं. कळलं हिला, असं वाटलं.

मग तिला पडद्याच्या खाली पांढरी अक्षरं दिसली. ती बोलली की बदलत होती.

“खाली काय लिवलंय?”

दिपा पडद्याकडंच बघत राहिली.

“दिपा. वाच.”

दिपानं तिच्या कानाशी तोंड नेलं. “देवा, परत आलास. दुष्काळात तूच आम्हाला जगवलंस.”

“अन् आता?”

“माझा फुलसिंग तुझंच नाव घेत गेला.”

“आता?”

पडद्यावर रूपाबाई म्हणत होती, मी वांझ नव्हते, बापू.

“तू होतास,” दिपानं वाचलं, “म्हणून आमच्या घरात लेकरं खेळली.”

थेटर टाळ्यांनी भरलं. तांड्याच्या दोन रांगांत कोणीच हललं नाही.

“ही अक्षरं कोणी लिवली?” रूपाबाईनं विचारलं.

“ह्यांनी,” दिपा म्हणाली. “रात्री बसून लिहिली. मी विचारलं, असंच म्हणाली का याडी? तर म्हणले, तुला काय करायचं.”

दाखवलं नाही

शाळा. मांडव. आकडा. लग्नातला पटका. बापूसाहेब दारात उभे असलेले. आणीबाणीच नव्हती सिनेमात. दुष्काळातून सरळ सत्काराचे हार आले. बारशातली मागची रांग. मनगट धरणारी नानीबाई. सोनाजीच्या फडताळातला, कधी न फोडलेला डबा.

परत येताना पुसेगावला सोनाजी उतरला. खाली उभा राहून त्यानं वर पाहिलं. “मी सांगतो ना लोकाला, रूपाबाई,” तो म्हणाला. “माझं कोण ऐकंल, पन सांगतो.”

आला

ओमप्रकाश पुढच्या आठवड्यात मुंबईहून आला. दुपारची वेळ. अंगणात त्यानं चप्पल काढली आणि दारासमोर मान थोडी खाली करून उभा राहिला.

लहानपणापासून तो असाच उभा राहायचा. वसतिगृहातून आला की याडी गळ्यात पडून रडायची. बरोबरची पोरं हसायची, त्याला लाज वाटायची. पण तिच्यापेक्षा उंच झाल्यावर तिचे हात पोचावेत म्हणून तो मान खाली करायला शिकला होता.

रूपाबाई दारात आली, त्याला पाहिलं आणि आत गेली. पितळी लोटा भरून घेऊन आली.

“याडी, महिन्यानं आलो,” तो म्हणाला.

“पाणी घे.”

त्यानं लोटा घेतला नाही. “दिपानं सांगितलं असंल.”

ती लोटा धरून उभी होती.

“काय लिवायचं व्हतं मी? काकाची नसबंदी केली म्हणून साऱ्या महाराष्ट्राला सांगायचं?”

“व्हय.”

“लोकांनी काय म्हणलं असतं काकाला?”

“मला म्हणले तेच.”

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. शेजारच्या ओट्यावर नानीबाई डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“बापूसाहेबाच्या जमिनीवरच खाऊन राहिलो ना आपण?” त्याचा आवाज खाली आला. “तिच्यावरच तू मला शिकवलंस. असं कसं बोलायचं त्यांना?”

“मी जमिनीचं पन म्हणले व्हते. सुकडीचं पन म्हणले व्हते,” रूपाबाई म्हणाली. “तुला एकच ऐकू आलं.”

“एवढी निवडणूक होऊ दे, याडी. मंग मी सोता...”

“पाणी घे. उन्हातून आलास.”

तो तसाच उभा राहिला, मान खाली करून. तिचे हात सहज पोचले असते. ती वाट पाहत होती, लोटा रिकामा व्हायची.

शेवटी त्यानं घेतला. ओठांना न लावता, वरून धरून प्यायला. कोणी सांगितलं नव्हतं त्याला तसं. पाणी हनुवटीवरून पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं.

रूपाबाईनं लोटा परत घेतला, विसळला आणि उंबऱ्याबाहेर, नेहमीच्या जागी, पालथा घातला.