उरलेल्या फरश्या

“अनुभव किती, ते विचारतायत,” मुलगी म्हणाली.

“सव्वीस वर्षं.”

“फरशी बसवण्याचा नाही, बाबा. गेम बनवण्याचा.”

मिस्त्री पडद्याकडे वळला. पडद्यावर एक रिकामा चौकोन होता आणि त्यात एक उभी रेघ उघडझाप करत होती. रिकामा चौकोन दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. सव्वीस वर्षं त्यानं दुसरं केलं तरी काय होतं. लोकांच्या घरातले रिकामे चौकोन भरले होते.

“शून्य लिही,” तो म्हणाला.

मुलीनं शून्य लिहिलं. ते मधोमध बसलं नव्हतं, जरा डावीकडे होतं. त्याला ते खटकलं.

शेगडीपाशी उभ्या असलेल्या बायकोनं मान न वळवता विचारलं, “कितवा अर्ज म्हणायचा हा?”

“बेचाळिसावा,” मुलगी म्हणाली.

“म्हणजे एक्केचाळीस जणांनी नाही म्हटलं?”

“चौदा जणांनी. बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.”

“आणि माझ्या भावाला पुढच्या शनिवारी काय सांगू?”

त्या भावानं, म्हणजे मिस्त्रीच्या मेव्हण्यानं, एका गोदामाच्या फाटकावरची खुर्ची बघून ठेवली होती. येणाऱ्या गाडीचा नंबर लिहायचा, जाणाऱ्या गाडीचा नंबर लिहायचा. खुर्चीला हात होते, डोक्यावर पत्रा होता. शनिवारपर्यंत हो म्हणायचं, नाहीतर खुर्ची दुसऱ्याची.

“शनिवारला अजून नऊ दिवस आहेत,” मिस्त्री म्हणाला.

“खुर्ची वाईट नाहीये हो.”

“मी कुठं वाईट म्हटलं?”

*

शिक्षण

नववी. चौकोन मोठा होता, पण पुढे काही लिहिता येईना.

फरशीचं कामही त्याला कुणी शिकवलं नव्हतं. म्हाताऱ्या उस्तादानं फक्त समोर बसू दिलं होतं. दोन वर्षं त्यानं उस्तादाचा हात बघितला. थापी कशी फिरते, सिमेंटचा माल कुठे जाड, कुठे पातळ, रबरी हातोडी कोणत्या कोपऱ्यावर हळू पडते. एक दिवस उस्ताद बाजूला सरकला आणि म्हणाला, “बस.” तीच पदवी.

गेमचंही तसंच झालं. मुलगी नोकरीला लागल्यावर तिचा जुना कॉम्प्युटर घरीच राहिला होता. त्यात तिनं खोल्या उभारायचा एक फुकटातला प्रोग्राम टाकून दिला. म्हटलं, बाबांचा वेळ जाईल. व्हिडिओत शिकवणारा माणूस परक्या भाषेत भराभर बोलायचा. मिस्त्री आवाज बंद करायचा आणि पडद्यावरचा बाण कुठे जातो ते बघायचा. बाण म्हणजे त्या माणसाचा हात. हात कळला की भाषेवाचून अडत नाही.

*

शारीरिक अडचण असल्यास

गुडघे. दोन्ही.

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला होता. हाडावर हाड घासत होतं. “उकिडवं बसणं बंद. मांडी बंद.”

“मग काम?”

“उभ्यानं होत असेल तर करा की.”

फरशी उभ्यानं होत नाही.

पहिली खोली उभी राहिली ती एका दुपारी. घरात तो एकटाच होता. खिडकीतून आलेलं ऊन कॉम्प्युटरच्या टेबलापर्यंत पोचलं होतं. त्यानं बटण दाबलं आणि तो आत होता. माउस पुढे सरकवला, समोरची भिंत जवळ आली. माउस खाली ओढला, नजर खाली गेली. खाली फरशी होती, फरशीवर उजेड होता, पण त्याला पाय नव्हते. गुडघेही नव्हते.

तो चालायला लागला. खिडकीपर्यंत गेला, परत दारापर्यंत आला. नजर फरशीला टेकेल इतका खाली वाकला आणि सांधे एका रेषेत आहेत का ते पाहिलं. मग उठला, पुन्हा वाकला, पुन्हा उठला. ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं, जमिनीवरून भिंतीवर चढलं, तरी तो त्या खोलीत हिंडतच होता.

बायको कामावरून आली तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

“दुखतंय का?”

“नाही,” तो म्हणाला. “तेच तर.”

*

कामाचा नमुना

त्यांच्या स्वयंपाकघरात एकशे अकरा फरश्या होत्या आणि एकीची दुसरीशी ओळख नव्हती. प्रत्येक घराचं काम संपलं की एखादी फरशी उरायची. ती घरमालकाला विचारून तो घरी आणायचा, रविवारी बसवायचा. लग्न झालं तेव्हा बायकोला वाटलं, हे तात्पुरतं आहे. “एक दिवस सगळी एका रंगाची घालू,” असं तो म्हणालाही होता. तो दिवस कामाच्या गर्दीत कुठेतरी पडून राहिला.

मुलगी लहान असताना त्या फरश्यांवर पोटावर पडून एकेकीवर बोट ठेवायची. “हिचं घर कसं होतं, बाबा?”

मिस्त्रीला ते माहीत नसायचं. फरशीवाला घरात येतो ते कपाटं यायच्या आधी, माणसं यायच्या आधी. फरशी पुसून, दार ओढून तो निघून जातो. पुढे तिथे कोण राहिलं, पलंग कुठे ठेवला, कुणी कुणाला हाक मारली, ते त्याच्या कानावर येत नाही. मग तो रचून सांगायचा. ही पिवळी ना, हिच्या घरात एक आजोबा आहेत, ते पियानो वाजवतात आणि सगळ्यांना झोपवतात. ही निळ्या कडेची, हिच्या घरात सात मांजरं.

गेममध्ये तेच होतं. एक स्वयंपाकघर, एकशे अकरा फरश्या. ज्या फरशीवर उभे राहाल तिच्या घरात निघाल. लढाई नाही, गुण नाहीत, कुणी हरत नाही. मुलीनं सगळी घरं फिरून पाहिली आणि म्हणाली, “बाबा, मांजरांच्या घरात न्हाणीघरातला चेंडू आपोआप कोपऱ्यात जातोय. काहीतरी चुकलंय.”

“चुकलं नाही. उतार आहे.”

“पण तिथं पाणीच नाहीये.”

“म्हणून काय सपाट ठेवू?”

*

आमच्याकडेच का यावंसं वाटतं?

मुलीनं इथे सहा ओळी लिहिल्या होत्या. त्यात ध्येय होतं, आव्हान होतं. मिस्त्रीनं त्या पुसून एका बोटानं एकच ओळ लिहिली.

माणसं राहायला आल्यानंतरची घरं बघायची आहेत.

*

बेचाळिसाव्या ठिकाणाहून फोन आला. शुक्रवारी या, परीक्षा आहे.

“शुक्रवार म्हणजे शनिवारच्या आदला दिवस,” बायको म्हणाली.

“दर आठवड्याला तसंच असतं.”

“जाताना तो निळा शर्ट घाला. आणि लोकांच्या फरशीकडे बघत बसू नका, त्यांच्या तोंडाकडे बघा.”

जागा दुसऱ्या मजल्यावर होती. तो बायकोचं ऐकून तोंडांकडे बघत आत गेला. वीसपंचवीस माणसं कानांना यंत्रं लावून आपापल्या पडद्यांत बुडाली होती. परीक्षेला दोघंच होते. शेजारच्या टेबलावर एक मुलगी होती, तिच्याकडे पदवी होती आणि हातावर तळहाताएवढं गोंदण. मुख्य बाईंचे केस आखूड आणि अर्धे पांढरे होते. सगळे त्यांना ताई म्हणत होते. त्यांनी दोघांसमोर एकेक कागद ठेवला.

कागदावर लिहिलं होतं: एक खोली बनवा. तिथे राहणारं माणूस कायमचं निघून गेलं आहे. हे एकही शब्द न वापरता कळलं पाहिजे. वेळ चार तास.

शेजारची मुलगी तडाख्यानं कामाला लागली. तिच्या पडद्यावर अर्धा प्यालेला कप आला, उलटा पडलेला फोटो आला, खुंटीवर कोट आला. मिस्त्री कागदाकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर कप येईना. एक खोली तेवढी पुन्हा पुन्हा येत होती आणि तिला तो परत पाठवत होता.

अर्ध्या तासानं त्यानं तिला येऊ दिलं.

चार भिंती, एक दार, एक खिडकी. मग तो खाली वाकला आणि वर आलाच नाही. लालसर साध्या फरश्या, तिरप्या उन्हात. एकेक फरशी हातात घेतल्यासारखी तो जवळ ओढत होता, तिची चकाकी कुठे ठेवत होता, कुठे घासून काढत होता. माणसं, टेबलं, कानांवरची यंत्रं सगळं लांब गेलं. त्याला थापीचा आवाजही आला असावा. एकदा कुणीतरी चहा ठेवून गेलं, तो गार झाला.

“काका,” शेजारची मुलगी हळूच म्हणाली, “फाइल साठवलीत ना? वेळ संपतेय.”

त्यानं साठवली.

ताई आधी तिच्या खोलीत हिंडल्या, मग त्याच्या. त्यांच्या मागे जाकीट घातलेला एक दाढीवाला उभा होता.

“सामान राहिलंय का घालायचं?” दाढीवाल्यानं विचारलं.

“नाही. एवढंच.”

“खोली रिकामी आहे.”

“हो. गेलंय ना माणूस.”

दाढीवाला हसला, पण ताईंनी हात वर केला. त्या दारातून आत आल्या होत्या आणि उन्हाच्या दिशेनं वळल्या होत्या. फरशीवर एक आयत आजूबाजूपेक्षा गडद आणि चकचकीत होता, चार कोपऱ्यांत चार खोलगट ठिपके.

“इथं पलंग होता,” त्या म्हणाल्या.

आयताच्या कडेपासून खिडकीपर्यंत एक मळकट पट्टा गेला होता. उन्हात आल्याशिवाय तो दिसत नव्हता. ताई त्याच्यावरून चालल्या. पट्टा खिडकीशी थांबला, तिथे फरशी अगदी फिकी होती.

“इथं उभं राहायचं कुणीतरी. पुष्कळ वेळ.”

“हो.”

“आणि ही बारीक रेघ? वाटेच्या डाव्या बाजूनं सगळीकडे आहे.”

“डावा पाय ओढायची.”

ताईंनी माउसवरून हात काढला.

“कोण?”

“आई.” मिस्त्रीला वाटलं एवढं पुरे, पण ताई थांबून राहिल्या होत्या. “ती गेल्यावर भावानं घर विकायला काढलं. घेणाऱ्याला फरशी नवी हवी होती. मिस्त्री तर घरचाच. जुन्या फरश्या मी खूप फोडल्यात, कुठं कोण उभं राहायचं ते मला कळतं. पण आईच्या खोलीत काही बघायचं सुचलंच नाही. दुसऱ्या ओळीला हातोडा घातला आणि ऊन तिरपं आलं. तेव्हा दिसली वाट. तोवर अर्धी फुटली होती.”

“मग?”

“मग उरलेली फोडली. संध्याकाळपर्यंत जागा मोकळी करून द्यायची होती.” त्यानं पडद्यावरच्या फरशीकडे पाहिलं. “प्रत्येक घरातली एक फरशी आणतो मी. त्या घरातली एकही आणली नाही.”

दाढीवाला खुर्ची ओढून बसला. ताई पुन्हा दारापाशी गेल्या आणि ती वाट पहिल्यापासून चालल्या, या खेपेला सावकाश.

“दहा वर्षं आम्ही घरं बनवतोय,” त्या म्हणाल्या, “आणि सगळ्या घरांच्या फरश्या कोऱ्या आहेत. कुणी चाललेलंच नाही त्यांच्यावरून.” मग दाढीवाल्याकडे वळून म्हणाल्या, “अर्जात अनुभव शून्य कुणी लिहिलंय?”

“माझ्या मुलीनं,” मिस्त्री म्हणाला. “मीच सांगितलं होतं.”

*

कधी रुजू होऊ शकाल?

“सोमवारी,” त्यानं घरी येऊन सांगितलं. “तीन महिने बघणार आहेत. मग पुढचं.”

“आणि खुर्ची?”

“तुझ्या भावाला सांग, दुसऱ्या कुणाला तरी दे.”

बायको शेगडीपाशीच होती. तिनं गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. “तिथं काय करायचं असतं?”

“फरशी बसवायची.”

“एवढे अर्ज करून परत फरशीच?”

“जुनी झालेली बसवायची.”

तिला ते कळलं नाही, पण ती हसली. “म्हणजे आपली एका रंगाची फरशी राहिलीच. आता तुमच्या गुडघ्यांना व्हायची नाही.”

“राहिली,” तो म्हणाला.

ती कप आणायला फळीकडे गेली. शेगडीसमोरची जागा मोकळी झाली आणि मागच्या खिडकीतलं ऊन तिथे पडलं. निळ्या कडेच्या फरशीवर, सात मांजरांच्या घरातल्या, दोन फिकट लांबट डाग होते. एकमेकांपासून वीतभर अंतरावर. त्यानं सव्वीस वर्षांत ते पाहिले नव्हते.

त्याला वाकून हात लावावासा वाटला. गुडघ्यांनी नाही म्हटलं. मग त्यानं चप्पल काढली आणि अनवाणी त्या डागांवर उभा राहिला. त्याचे पाय तिच्या पायांहून मोठे होते, कडेनं बाहेर येत होते. मधे फरशी किंचित खोल गेली होती. पाणसळ ठेवली असती तर तिच्यातला बुडबुडा हललाही नसता, पण तळव्याला कळत होतं.

“सरका,” कप घेऊन आलेली बायको म्हणाली. “चहा उतू जाईल.”

“कुठं सरकू?”

“कुठंही. तिथं मी उभी राहते.”

तो सरकला.