कपाळावरची मूठ

स्वरालीच्या खांद्यावर मी जी सांडशी घातली, ती हातभर लांब दांड्याची होती आणि तिचं तोंड अजून गरम होतं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही. आमच्या शॉपमध्ये माणूस मेला तरी ऐकू येत नाही. हाताला मात्र कळलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी स्वतःची बाजू मांडतोय असं कुणाला वाटायला नको. मला बाजू नाही.

मी मानसिंग. बारामतीच्या एमआयडीसीत एका फोर्जिंगच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली. ट्रॅक्टरला लागणारे भाग आम्ही करायचो. भट्टीतून लालभडक लोखंड काढायचं, साच्यात ठेवायचं आणि वरून दोन टनांचा हॅमर आदळायचा. असे चार हॅमर एका छपराखाली. दोन नंबरच्या हॅमरचा उस्ताद मी. सगळे मला तात्या म्हणायचे आणि माझ्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती.

मग परदेशातल्या कुठल्याशा गिऱ्हाईकानं अट घातली, की कारखान्यात बायका दिसल्या पाहिजेत, तरच माल घेऊ. महिन्याभरात गेटवर बोर्ड लागला, ‘इथे सर्वांना समान संधी.’ ऑफिसातल्या माधवी मॅडमनी आम्हाला दोन दिवस पंख्याखाली बसवून भाषणं ऐकवली. सामोसे बरे होते. तिसऱ्या दिवशी तीन पोरी आल्या. दोघी तपासणीच्या टेबलावर गेल्या आणि तिसरी माझ्या गळ्यात पडली. पायडलवर. पायडल दाबलं की हॅमर खाली येतो, त्याला ताकद लागत नाही, असं मॅडमचं म्हणणं.

ती स्वराली. इंदापूरकडची, धनगराची पोर. आयटीआय पहिल्या नंबरानं केलेली. तिचा बाप म्हस्कू पूर्वी मेंढरं राखायचा, आता दुसऱ्याच्या पाण्यावर मका करतो. पहिल्या दिवशी ती माझ्या पाया पडायला वाकली, तर मी पाय मागं घेतला.

‘‘मेंढरामागची पोर हॅमरवर आणली व्हय,’’ मी सगळ्यांच्या देखत म्हणालो. पोरं फिदीफिदी हसली. युवराज तर पोट धरून. ती पायडलजवळ जाऊन उभी राहिली.

आता आमची एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आलं. हॅमरच्या आवाजात बोलणं चालत नाही, म्हणून आमचं सगळं काम हाताच्या खुणांनी चालतं. डावा हात खाली आला की ठोक. तळहात आडवा केला की थांब. दोन बोटं फिरवली की तुकडा उलटा कर. या खुणा रोजच्या, बघून बघून कुणालाही येतात. पण एक खूण रोज लागत नाही. साच्यात लोखंडाचे पापुद्रे चिकटून बसतात, तेव्हा सांडशीवाला हात घालून ते झाडतो. खरं तर हॅमरखाली टेकू लावायचा नियम आहे, पण टेकूला दोन मिनिटं जातात आणि आमच्यात टेकू लावणारा भित्रा समजला जातो. त्याऐवजी सांडशीवाला डावी मूठ कपाळाला लावतो. मूठ लागली की पायडलवरच्यानं पाय उचलायचा. मग समोरच्याचे दोन्ही हात वर दिसेपर्यंत बाकीच्या कुठल्याच खुणेला जुमानायचं नाही. आमच्या माणसाचा पाय मूठ बघितली की आपोआप उचलला जातो, लग्नात जेवत असला तरी.

ही खूण नुसती सांगत नाहीत, देतात. नवा माणूस टोळीला डाळजच्या हायवेवर ढाब्यावर घेऊन जातो, उजनीचे मासे खाऊ घालतो. जेवणं झाली की उस्ताद सगळ्यांसमोर आपली मूठ त्याच्या कपाळावर ठेवतो आणि सांगतो. त्याला आम्ही ‘मूठ देणं’ म्हणतो. मला माझ्या उस्तादानं दिली, मी युवराजला दिली, दत्तोबाला दिली. मूठ दिल्याशिवाय माणूस टोळीतला नाही.

दत्तोबा माझा सांडशीवाला. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, पण आम्ही एका ताटात जेवलेलो. पंधरा दिवस गेले तेव्हा तोच म्हणाला, ‘‘पोरीला मूठ दिऊन टाक की.’’

‘‘बाई घिऊन ढाब्यावर बसू का आता? लोक काय म्हंतील?’’

‘‘मग हितंच दी. चार जणांत.’’

‘‘बघतो,’’ मी म्हणालो.

मी बघितलं नाही. खरं सांगू का, माझ्या डोक्यात तिडीक होती. चार दिवसांत ती सगळ्या रोजच्या खुणा शिकली होती. कुणी शिकवलं नव्हतं. डबा खाताना लांबून आमचे हात बघायची आणि स्वतःशी करून बघायची. युवराजला ज्याला चार महिने लागले, ते तिनं चार दिवसांत केलं. त्याचाच मला राग. एक तरी गोष्ट हिला आमच्याकडून मागून घ्यावी लागली पाहिजे, असं वाटायचं.

आणि तिनं मागितलीसुद्धा. एका दुपारी पाणी प्यायला आलो, तर समोर येऊन उभी राहिली.

‘‘तात्या, अजून कुठली खूण ऱ्हायलीय का? मला समद्या येत्यात का न्हाय, तुमी एकदा बघा.’’

‘‘न्हाय. समद्या येत्यात तुला,’’ मी म्हणालो. एवढंच. तिचं तोंड उजळलं. त्याच संध्याकाळी दत्तोबानं पुन्हा विचारलं, मूठ दिलीस का म्हणून. रोजची कटकट नको म्हणून मी मान हलवली. तू नव्हतास तेव्हा दिली, म्हणालो.

दोन खोटी, एकाच दिवसात, आणि रात्री मी झकास झोपलो.

पुढच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला साच्यात पापुद्रा अडकला. मी भट्टीच्या तोंडाशी होतो. दत्तोबानं तुकडा बाहेर काढला, डावी मूठ कपाळाला लावली आणि उजवा हात साच्यात घातला. तिच्याकडून त्याची उजवी बाजू आणि साचा दिसत नाही. तिनं काय पाहिलं असेल, ते मी नंतर हजारदा तिच्या जागी उभं राहून बघितलंय. दत्तोबानं घाम पुसला, असं तिला दिसलं. मग तोल सावरायला त्याचा डावा हात खाली आला. डावा हात खाली आला की ठोक. तिनं ठोकलं.

दत्तोबाच्या तोंडाचा आ झाला, पण आवाज आलाच नाही. हॅमर वर गेला तेव्हा साच्यात हात नव्हता. लाल चिखल होता आणि त्यात घड्याळाची साखळी. गरम लोखंडावर रक्त चरचरलं. तो वास अजून माझ्या नाकातून जात नाही. जेवायला बसलो की येतो.

मी धावलो. पण दत्तोबाकडं नाही. आधी तिच्याकडं. वाटेत सांडशी उचलली आणि तिच्या खांद्यावर घातली. ती गुडघ्यावर आली, तेव्हा पाठीत दोनदा घातली. युवराजनं लाथा घातल्या. तिचं हेल्मेट गडगडत गेलं. कुणीतरी तिचे केस धरून तिचं तोंड साच्याकडं वळवलं, बघ म्हणून. ते मी नव्हतो, पण मी अडवलंही नाही. माधवी मॅडम किंचाळत मध्ये पडल्या, त्यांच्या कानशिलावर युवराजचा ठोसा बसला. शेवटी मेन स्विच पडला, चारही हॅमर थांबले आणि पहिल्यांदा तिचा आवाज ऐकू आला. ती रडत नव्हती. ‘‘हात खाली आला हुता, हात खाली आला हुता,’’ एवढंच म्हणत होती.

मूठ दिली नाही हे मला त्या क्षणी माहीत होतं का? होतं. सांडशी उचलतानाच माहीत होतं. म्हणूनच इतक्या जोरात मारलं.

दत्तोबाचा हात मनगटाच्या चार बोटं वर कापला. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि दोन बरगड्या. तिनं पोलिसांत माझ्यावर आणि युवराजवर तक्रार दिली, तशी कंपनीनं घाईघाईनं चौकशी लावली. वरच्या साहेबांचा सूर पहिल्या दिवसापासून कळत होता. पोरीचा निष्काळजीपणा ठरला, तर तिला काढता येईल, दत्तोबाच्या हाताची केस तिच्यावर जाईल आणि बाकीच्या दोघींनाही हॅमरच्या शॉपमधून हलवता येईल. गिऱ्हाईकाला पोरींचे फोटो आधीच गेले होते.

टोळीचंही ठरलं. ‘‘समद्यांनी एकच सांगायचं,’’ युवराज म्हणाला. ‘‘तात्यांनी मूठ दिली हुती. हिनंच ध्यान दिलं न्हाय.’’ ढाबा झाला नव्हता, म्हणून आपण खोटं बोलतोय हे त्याला माहीत होतं. दत्तोबाला मात्र ते खरंच वाटत होतं. दवाखान्यात गेलो तर तो डाव्या हातानं गादी बुकलत म्हणाला, ‘‘मूठ दिल्याव बी दाबलं तिनं, मानसिंगा. सोडू नको तिला.’’ मी त्याला मोसंबी सोलून दिली.

चौकशी त्याच पंख्याखाली झाली, जिथं सामोसे खाल्ले होते. बाहेरून आणलेले एक निवृत्त अधिकारी टेबलामागं, बाजूला मॅडम, कानाशी अजून निळं. भिंतीला खुर्च्यांवर आम्ही टोळीतले पाच जण. त्यात दत्तोबा, हाताला पांढरं गाठोडं. ती आली, हात झोळीत, मागं म्हस्कू फेटा काखेत धरून.

अधिकाऱ्यांनी तिला खुणा करून दाखवायला सांगितल्या. एका हातानं तिनं एकेक करून अकरा खुणा दाखवल्या. एकही चुकली नाही.

‘‘आणि साच्यात हात आहे, याची खूण?’’

‘‘ती न्हाय माहीत, साहेब. मला कुणी सांगितली न्हाय.’’

‘‘खोटारडी,’’ दत्तोबा उठला आणि ते गाठोडं तिच्या तोंडासमोर धरलं. ‘‘हे बघ. हे बघून बोल. मानसिंगानं दिलीया तुला.’’

ती त्या गाठोड्याकडं बघत राहिली. म्हणाली, ‘‘दत्तूकाका, दिली असती तर पाय उचलला असता मी.’’

अधिकारी माझ्याकडं वळले. ‘‘मानसिंगराव, तुम्ही तिला खूण दिली, असं सगळे म्हणतात. कशी दिली ते दाखवा.’’

मी उठलो. मनात ठरलेलं होतं, मूठ ठेवायची, दोन शब्द बोलायचे, खाली बसायचं. तीन पावलं गेलो. मूठ वळली आणि तिच्या कपाळाकडं उचलली.

भिंतीकडच्या चौघांचे उजवे पाय जमिनीवरून उचलले गेले. दत्तोबाचासुद्धा. आणि तिनं धडक्या हातानं डोकं झाकून घेतलं आणि खाली बसली, पार टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून. ‘‘नगा मारू तात्या,’’ म्हणाली. हळूच म्हणाली, लहान पोर म्हणतं तसं. मागं म्हस्कू नुसताच उभा होता. त्याच्या काखेतला फेटा खाली पडला, तो त्यानं उचलला नाही.

मूठ दिलेल्या माणसाचं असं होत नाही. हे त्या खोलीत आम्हा पाच जणांनाच कळत होतं. दत्तोबानं आधी स्वतःच्या उचललेल्या पायाकडं पाहिलं, मग टेबलाखाली, मग माझ्याकडं.

‘‘मानसिंगा, दिली हुतीस का?’’

अजूनही होय म्हणता आलं असतं. अधिकाऱ्यांना यातलं काही कळलं नव्हतं, साहेबांना तेच हवं होतं आणि टोळी गप्प बसली असती. मी तिच्या पायाकडं बघितलं. दोन्ही पाय पोटाशी घेतलेले, चपला फाटक्या.

‘‘न्हाय दिली,’’ मी म्हणालो. ‘‘तिनं मागितली हुती. समद्या येत्यात म्हनून सांगितलं. तुलाबी खोटं सांगितलं.’’

दत्तोबानं मला डाव्या हातानं मारायला सुरुवात केली. डावा हात त्याला जमत नव्हता, तेव्हा त्यानं गाठोड्यानंच मारलं, माझ्या तोंडावर, आणि स्वतःच ओरडला. टाके उसवले. पांढरं कापड लाल होत गेलं, तरी मारत राहिला. माझे दोन दात त्या खोलीत पडले. कुणी सोडवलं नाही आणि मी हात वर केला नाही. शेवटी म्हस्कूनं त्याला मागून मिठी मारली आणि म्हणाला, ‘‘बास, पाव्हणं. तुमचं रगात चाललंय.’’

माझी नोकरी गेली, युवराजचीही. स्वरालीला त्यांना परत घ्यावंच लागलं. कंपनीनं टेकूशिवाय साच्यात हात घालायला बंदी केली आणि सगळ्या खुणांची चित्रं भिंतीवर लावली, मुठीसकट. दत्तोबा आता तिथंच गेटवर बसतो. ढाब्याची रीत बंद झाली, पण त्यानं एका दुपारी सगळ्या शॉपसमोर डाव्या हातानं पोरीला मूठ दिली, असं ऐकलं. डोळे मिटले नाहीत म्हणे तिनं.

केस मात्र तिनं मागं घेतली नाही. बरोबर केलं. बारामतीच्या कोर्टात तारखेला आम्ही समोरासमोर बाकांवर बसतो, ती बापाजवळ, मी एकटा. मी तिच्याकडं बघत नाही. परवा मे महिन्यातली तारीख होती, पंखा बंद, घाम डोळ्यात उतरत होता. रुमाल नव्हता. मी नकळत मुठीनं कपाळ पुसलं.

समोर तिचा उजवा पाय फरशीवरून उचलला गेला. माझे दोन्ही हात वर दिसेपर्यंत तिनं तो खाली ठेवला नाही.