गरजू दिसण्याची तालीम

दुसऱ्याची गरिबी बघायला माणसं गाडी करून येतात, याची मला आताशा शिसारी येते. मी सपना, केळव्याची, होडीवाल्याची पोर. पालघरातल्या एका संस्थेत कार्यकर्ती आहे. मनोरच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावर आमचं हंगामी वसतिगृह चालतं. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात, तेव्हा पोरं तिथे राहून शाळा शिकतात. यंदा जुन्या देणगीदारानं हात आखडता घेतला. नवा मिळाला नाही तर वसतिगृह बंद, आणि पाड्यावरच्या ठमीची पोर हिरा सहावीतून थेट भट्टीवर.

बोईसरच्या एका कंपनीची माणसं पाहणीला येणार, असा मी पाड्यावर निरोप दिला. पाहुणे येणार म्हटल्यावर ठमीनं जे करायचं तेच केलं. भिंत शेणानं सारवून गेरू लावला. हिरानं त्यावर तांदळाच्या पिठानं नाचणारी माणसं, मोर, ताडाची झाडं काढली. ठमी ठेवणीतलं लुगडं नेसली आणि घरातला एकुलता एक कोंबडा कापला.

पाहुणे बोटं चाटून जेवले. भिंतीपुढे उभे राहून त्यांनी फोटो काढले. गाडीत बसताना त्यांच्यातल्या रिद्धी मॅडम दात कोरत म्हणाल्या, "छान आहे हो सगळं. पण हे लोक तसे गरजू वाटत नाहीत."

ज्याचा कोंबडा खाल्ला त्याच्याबद्दल! मला त्या काडीचीसुद्धा किळस आली. आठवड्याभरात कंपनीचा नकार आला.

आमचे संचालक धीरज सर माझ्यावरच उखडले. "सपना, ताकाला जाऊन भांडं लपवतात का कुणी? उद्या मुंबईचे ललित सर पाहणीला येतायत. ती भिंत पुसायला सांग. लुगडं फाटकं हवं. जेवणबिवण अजिबात नको. आणि त्या पोरीला म्हणावं, उगाच हसू नकोस." हे ते केळव्याच्या रिसॉर्टवरून फोनवर सांगत होते. ललित सरांच्या उतरण्याची सोय कशी आहे, ते बघायला स्वतः आदल्या दिवशीच संस्थेच्या खर्चानं मुक्कामाला गेले होते. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

हा निरोप घेऊन पाड्यावर अर्थातच मी गेले.

"पावना येल आन आमी घर घान ठेवू?" ठमीनं विचारलं.

"हिरासाठी," मी म्हटलं.

ती उठली. शेणाचा गोळा घेऊन चित्रांवरून हात फिरवायला लागली. हिरा दारात उभी राहून बघत होती. मोर सगळ्यात शेवटी गेला.

ललित सर आले. ओल्या शेणाच्या वासानं त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि फाटक्या लुगड्यातली ठमी दिसताच तोच डोळ्यांना लावला. धीरज सर मयताला आल्यासारखे मान खाली घालून उभे होते. ललित सरांनी हिराला जवळ बोलावलं.

"बाळा, तुला चित्र काढता येतं का?"

हिरानं आईकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"नाय."

"अरेरे! यांच्या आयुष्यात रंगच नाहीत हो," ललित सर म्हणाले. "धीरज, वसतिगृह आमच्याकडे लागलं. शिवाय मुंबईहून एक चित्रकलेचे शिक्षक पाठवतो. शिकवू आपण यांना."

धीरज सरांनी हळूच मला डोळा मारला. मला तिथेच थुंकावंसं वाटलं. पण हिरा शिकणार होती, म्हणून गिळलं.

गाड्या गेल्या. उन्हानं घसा कोरडा पडला होता, मी ठमीकडे पाणी मागितलं. एरवी मी ओसरीवर पाय ठेवायच्या आत तांब्या पुढे करणारी ठमी जागची हलली नाही.

"गरिबाच्या घरात कुठचा पानी, बाय?" ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.